चार्जिंगला लावलेली चिंच

रंभाजीनानांच्या घरी चिंच चार्जिंगला लावलेली असते. स्वयंपाकघरात मिक्सरसाठी जो एकच धड बोर्ड आहे, त्याच बोर्डाला. इंदुकाकूंना चटणी वाटायची असली की त्या ओसरीकडे तोंड करून विचारतात, "चिंच झाली का वो? काढू का?" आणि नाना ओसरीवरून सांगतात, "एक काडी राह्यलीय. थांब जरा."

मी नगरच्या एका दैनिकात तीस वर्षं उपसंपादक होतो. निवृत्त झाल्यावर राहुरी तालुक्यात मुळा धरणाच्या काठी, सासऱ्यांनी ठेवलेल्या दोन खोल्यांत राहायला आलो. नाना माझे भिंतीला भिंत शेजारी. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, डोक्याला पांढरी टोपी, तिच्यावर धरणाच्या पाण्याचे पिवळट डाग. गावच्या मच्छीमार सोसायटीचे ते सर्वांत जुने सभासद. शंकरराव नावाच्या जोडीदाराबरोबर चाळीस वर्षं त्यांची एकच होडी. म्हणजे होड्या चार झाल्या, जोडी एकच.

चिंच म्हणजे जीपीएस. दोन वर्षांपूर्वी एका योजनेतून सोसायटीच्या प्रत्येक होडीला तीन यंत्रं मिळाली. होडी कुठे आहे आणि परतीची वाट कोणती हे बाणाने दाखवणारं एक. पाण्याची खोली आणि खालची मासळी पडद्यावर दाखवणारं दुसरं, फिश फाइंडर. आणि होडीतून होडीशी बोलायचा वॉकीटॉकी. यंत्रं खोक्यांतून बाहेर निघाली त्याच दिवशी नानांनी तिघांचं बारसं केलं. चिंच, दोरी आणि डबा.

ही नावं हवेतून आलेली नव्हती. काठावर पूर्वी एक चिंच होती. पाण्यातून परतताना तिच्यावर नजर ठेवून होडी आणायची. ती चिंच वादळात पडून बरीच वर्षं झाली. खोली मोजायला दगड बांधलेली दोरी असे. शंकररावांचे थोरले बंधू हरिभाऊ तेव्हा होडीचे मुख्य. त्यांनी शंकररावांना काठावर ताठ उभं करून, एका माणसाच्या उंचीला एक अशा गाठी त्या दोरीला मारल्या होत्या. एक गाठ म्हणजे एक परस. विहिरीची खोली सांगतात तोच परस. आणि धुक्यात किंवा वाऱ्यात एकमेकांना हाक द्यायची तर रॉकेलचा रिकामा डबा वल्ह्याच्या दांड्याने बडवायचा. दोरी कुजली, डबा गंजला. नावं नानांनी नव्या यंत्रांना चिकटवली.

एवढ्यावर थांबते तर ती एका म्हाताऱ्याची लहर म्हणून सोडून देता आली असती. पण नानांनी अख्खा काठ कामाला लावला. कुणी "जीपीएस" म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे. "काय म्हनलास? आपल्याकडं तसलं काय न्हाई." तरुण पोरं आधी हसली, मग चिडली, शेवटी कंटाळून तेच बोलू लागली. सहा महिन्यांत काठावरच्या चहाच्या टपरीवर "माझी दोरी हँग झाली" हे वाक्य कुणीही न हसता बोलू लागलं. आक्षेप घेणाऱ्याला नानांचं एकच उत्तर असे : "जुनं नाव चालू हाय ना? मंग चालू द्या की."

मला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. जिल्ह्याचं नाव बदललं, दैनिकांनी ते दुसऱ्या दिवसापासून छापलं, आणि आमच्या एसटीचा कंडक्टर अजून दार उघडून "नगर, नगर" असंच ओरडतो. नवल नानांच्या आग्रहाचं होतं. कंडक्टर नवं नाव घेणाऱ्या प्रवाशाला खाली उतरवत नाही.

एकदा त्यांची दोरी पावसात भिजली. ती घेऊन ते देवळाली प्रवऱ्याला दुरुस्तीच्या दुकानात गेले. मी बरोबर होतो. दुकानदार खाली मान घालून एका मोबाईलला डाग देत होता.

"दोरी भिजलीय," नाना म्हणाले.

"मग वाळत घाला," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

"घातली. पडद्यावर मासळी दिसंना."

दुकानदाराने मान वर केली, नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पिशवीतून यंत्र काढून काउंटरवर ठेवलं. नंतर तो दुकानदारही सरावला. आता लांबूनच विचारतो, "काय नाना, आज दोरी का चिंच?"

दुसऱ्या वेळी चिंचच पाण्यात पडली. नवीन मिळावी म्हणून अर्ज करायचा होता, आणि पेपरवाला शेजारी असताना अर्ज दुसऱ्याने का लिहावा? नाना सांगत गेले, मी लिहीत गेलो. "आमची चिंच धरणात पडून बुडाली असून नवीन चिंच मिळावी." मी "जीपीएस यंत्र" सुचवलं. नाना म्हणाले, "पेपरवाले, अर्ज माझा हाय." वीस दिवसांनी कचेरीचं उत्तर आलं. झाड पडल्याबद्दल खेद व्यक्त केला होता आणि रोपासाठी सामाजिक वनीकरणाकडे अर्ज करावा असं सुचवलं होतं. नानांनी ते पत्र घडी घालून टोपीत ठेवलं. पुढच्या अर्जावर मात्र "जीपीएस" लिहायला त्यांनी मला मुकाट्याने परवानगी दिली. त्या वेळी ते मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात गोष्ट हसण्याच्या पलीकडे गेली. महिनाभर मासळीला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मत्स्य विभागाच्या मॅडमनी यंत्रांची तपासणी आणि सभासदांची परीक्षा ठेवली. नियम सरळ होता. होडीवरच्या दोघांनीही तिन्ही यंत्रं ओळखायची, नाव सांगायचं, चालवून दाखवायची. दोघांपैकी एक जरी नापास झाला तरी त्या होडीचा परवाना थांबणार. नानांना आणि शंकररावांना दुसरा धंदा नव्हता, जमीन नव्हती. होडी गेली असती तर दोघांनाही काठावर बसून राहावं लागलं असतं.

मॅडम तरुण होत्या, चोख होत्या आणि आवाज चढवत नव्हत्या. सोसायटीच्या खोलीत टेबलावर यंत्रं मांडली होती. नाना आणि शंकरराव शेजारी शेजारी उभे राहिले. शंकरराव उंच, गोरे, हसतमुख. बोलणं कमी. गेल्या वर्षभरात ते आणखी कमी झालं होतं. त्यांच्या वाटचंही नानाच बोलतात, असं काठावर सगळे म्हणत.

"काका, हे काय आहे?" मॅडमनी फिश फाइंडर दाखवला.

"दोरी," नाना म्हणाले.

"ही दोरी नाही, काका."

"तुमच्याकडं नसंल."

"याला फिश फाइंडर म्हणतात."

"म्हनत असतील की. तुमी तिला त्या नावानं हाक मारा, आमी ह्या नावानं मारतो. ती दोघांनाबी उत्तर देती."

खोलीत हशा झाला. मॅडमही किंचित हसल्या. मग त्यांनी जीपीएस उचलून शंकररावांपुढे धरला. "तुम्ही सांगा. हे काय?"

"चिंच," नाना म्हणाले.

"तुम्ही नका सांगू, काका. त्यांना सांगू द्या."

शंकररावांनी यंत्राकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि नानांकडे पाहिलं. नानांना तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. ती साधारण दोन मिनिटं चालली. पाणी आणलं गेलं, पाठ चोळली गेली, आणि मॅडमनी घड्याळ बघून दोघांची फेरपरीक्षा पुढच्या गुरुवारी सकाळी आठला ठेवली.

बाहेर येताच चेअरमननी नानांना धरलं. चेअरमन म्हणजे नानांच्याच चुलत्याचा मुलगा, त्यामुळे पदाची भीड कुणालाच नव्हती.

"नाना, तीन शब्द हायेत. तीन! पोपटबी आठ दिसांत शिकंल."

"मंग पोपटाला न्या होडीवर."

"होडी जाईल. सांगून ठिवतो. माझ्या हातात काय न्हाई."

"बघू."

"तुझ्या हेक्यापायी त्या शंकरचंबी वाटुळं करशील."

नानांनी शंकररावांचा हात धरला आणि ते घरच्या वाटेला लागले. एरवी नाना शेवटचं वाक्य दुसऱ्याला देत नाहीत.

गुरुवारी पहाटेपासून धुकं होतं. आमच्याकडे थंडीत धुकं पडतं, पण त्या दिवशी घराच्या पायरीवरून रस्ता दिसत नव्हता. नाना सातलाच सोसायटीत गेले होते. मी आठला पोचलो तेव्हा ते चेअरमनना पटवत होते की दोघांची परीक्षा एकत्र घ्या, एकाला विचारलं की दुसऱ्याला विचारल्यासारखंच आहे. चेअरमन कपाळ चोळत होते. मॅडम आल्या. तेवढ्यात शंकररावांची सून धावत आत शिरली.

"नाना, मामा घरात न्हाईत. होडीबी न्हाई जागंवर."

नाना उठले. "मी त्याला सांगितलं हुतं, मी येस्तवर ओट्यावरनं हलू नको."

"चहा पेले आन् निघाले. म्या म्हनलं आज परीक्षा हाय. तर म्हनले, जाळं वर काढायचंय."

आदल्या संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे काढायचं, हे शंकरराव चाळीस वर्षं करत होते. फक्त एकटे कधी गेले नव्हते.

आम्ही सगळे काठावर गेलो. पाणी दिसत नव्हतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. चेअरमन हळू आवाजात मला म्हणाले, की कालव्याला आवर्तन सुटलंय. म्हणजे रब्बीच्या पिकांसाठी पाणी सोडलं होतं. भिंतीजवळ कालव्याच्या तोंडापाशी अशा वेळी पाण्याला ओढ असते. तिथे वल्ह्याची होडी अडकली तर एका माणसाला निघत नाही. मॅडमनी ते ऐकलं आणि सोसायटीचा वॉकीटॉकी हातात घेतला.

"शंकरकाका, ऐकू येतंय का? जीपीएस चालू करा. होमचं बटण दाबा. ओव्हर."

खरखर.

"काका, तुमचं लोकेशन सांगा."

खरखर. मग चेअरमननी संच घेतला. "शंकर, अरे वॉकीटॉकीवर बोल की! जीपीएस बघ, जीपीएस!" आणखी दोघांनी आपापल्या संचांवरून तेच सुरू केलं. भीतीच्या त्या पाच मिनिटांत नानांची शिकवण सगळे विसरले. जो तो शुद्ध, छापील नावं घेत होता. पलीकडून काही येत नव्हतं.

"समदे गप बसा," नाना म्हणाले.

त्यांनी चेअरमनच्या हातातून संच घेतला. तोंडाजवळ धरला. आणि घरात बसल्यासारख्या आवाजात म्हणाले, "शंकर, मी हरी बोलतोय. डबा ऐकू येतोय का?"

हरिभाऊंना जाऊन सोळा वर्षं झाली होती. शंकररावांच्या सुनेने पदर तोंडाला लावला. चेअरमन काही बोलणार होते, मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं.

खरखर. मग शंकररावांचा आवाज आला, नीट, थोडा वैतागलेला.

"कवाचा ऐकतोय. लई लोक बोलत्यात रं, हरी."

"बोलू दे त्यांना. चिंच हाय का हाताशी?"

"हाय."

"कुठं दावती?"

"माझ्या मागं."

"मंग होडी फिरव. चिंच नाकासमूर आली की सांग."

आम्ही उभे होतो. कुणीतरी चपला काढून हातात धरल्या होत्या, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आली."

"दोरी किती?"

"पाच."

"लई खोलात गेलास. वल्हव आता. सावकाश. दोरी उतरंल तसं सांगत ऱ्हा."

चार. बराच वेळ चार. मग साडेतीन. नाना मधेमधे काहीबाही बोलत होते, जाळ्यात किती आलं, मरळ आहे का, थंडी वाजतेय का. शंकरराव उत्तरं देत होते. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहून आकडे वहीत टिपत होत्या. ती त्यांची सवय असावी. मीही टिपत होतो. ती माझी.

"दोन झाली," शंकरराव म्हणाले.

"डाव्या अंगाला खडक हायेत. उजवीला घे."

"ठावं हाय मला. मला नको शिकवू."

काठावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सून रडतारडता हसली. वल्ह्याचा आवाज आला आणि धुक्यातून आधी होडीचं टोक, मग पाठमोरे बसलेले शंकरराव बाहेर आले. मांडीवर चिंच, पायाशी जाळं, जाळ्यात चिलापी आणि दोन मरळ. पहिल्या आकड्यापासून मोजले तर पस्तीस मिनिटं झाली होती. नाना गुडघाभर पाण्यात शिरले आणि त्यांनी होडीची कड धरली. ती बांधून झाल्यावरही ते काही वेळ धरूनच होते.

मॅडमनी होडीतला फिश फाइंडर उचलला. पडदा बघितला, बटणं दाबली, पुन्हा बघितला.

"हे मीटरमध्ये असतं. फॅदम कुणी केलं?"

मला अर्थ कळला नाही. त्यांनी सांगितला. फॅदम म्हणजे सहा फूट. साधारण एक परस. यंत्र पाण्याची खोली सरळ परसांत दाखवत होतं. "हे करायला तीन मेन्यू आत जावं लागतं. मला स्वतःला पुस्तक बघावं लागलं असतं. काका, कुणी केलं?"

"असंल कुनीतरी," नाना म्हणाले.

"ट्रान्सड्यूसर कुठे बसवलाय?" यंत्राचा जो भाग पाण्यात राहून खोली मोजतो, तो.

"मागल्या फळीला. पान्यात वीतभर. वर ठिवला तर बुडबुडं पकडतो आन् आकडा चुकतो," नाना म्हणाले. कुणी केलं याचं उत्तर त्यांनी देऊन टाकलं होतं.

मॅडमनी फेरपरीक्षा तिथेच घेतली. शंकररावांना त्यांनी यंत्रं दाखवली नाहीत, नावं विचारली नाहीत. "काका, चिंच बंद करून पुन्हा चालू करा," एवढंच म्हणाल्या. शंकररावांनी केली. "दोरी?" तीही केली. "डबा?" त्यांनी बटण दाबून नानांच्या हातातल्या संचात "हॅलो" म्हटलं आणि सगळ्यांकडे बघून हसले. फॉर्मवर दोघांपुढे "उत्तीर्ण" लिहिलं गेलं. शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं, की होडी दोघांनी मिळूनच न्यायची, शंकररावांनी एकट्याने पाण्यात जायचं नाही. सुनेची सही घेतली. यंत्रांच्या नावांपाशी पेन थांबलं, तेव्हा नानाच म्हणाले, "तुमचीच नावं ल्ह्या. कागदाला कळायला पायजे."

परत येताना मी नानांबरोबर चालत होतो. धुकं विरळ होत होतं. मी काही विचारलं नाही. तीस वर्षांत एवढं शिकलो होतो, की माणूस बोलणार असला तर प्रश्न मधे येतो.

"मशीनी यायच्या आधीपास्नं चालू हाय हे," नाना म्हणाले. "आधी नातवंडांची नावं गेली. मंग वार गेला. नवं काय ठरतच न्हाई त्याच्याकडं. जुनं समदं जागच्या जागी. मशीन आलं तवा म्या इचार केला, नवं नाव शिकवलं तर सकाळी शिकवीन, दुपारी जाईल. म्हनून जुनीच लावली."

"पण सगळ्या गावाला कशाला लावलीत?"

"एकट्याला लावली असती तर लोक म्हनले असते, शंकरला काय झालंय. समद्यांनाच लावली. मंग लोक म्हनले, रंभाजी येडा हाय." त्यांनी टोपी काढून झटकली. "ते चालतंय."

"आणि हरी?"

"एक दिस त्यानं मला हरी म्हनून हाक मारली. म्या ओ दिली. आता दुरुस्त कुठं करत बसू."

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या होडीत बसून गेलो. ऊन होतं, पाणी स्वच्छ होतं, परवान्याचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून फळीला ठोकला होता. नाना वल्हवत होते. शंकरराव जाळ्यातून एकेक मासा सोडवून टोपलीत टाकत होते, बोटं न बघता चालत होती. मधेच त्यांनी हात थांबवला आणि काठाकडे पाहिलं.

"हरी, रंभा न्हाई आला आज?"

नानांचं वल्हं एकदा पाण्यात पडलं, वर आलं, पुन्हा पडलं.

"यील," ते म्हणाले. "मागनं यील."

"त्याच्यापायी एक चिलापी ठिव. त्याला आवडती."

नानांनी वल्हं आडवं ठेवलं. टोपलीत हात घालून त्यातल्या त्यात मोठी चिलापी निवडली आणि ओल्या गोणपाटाखाली वेगळी ठेवली.